भेगेवरची काच

१२ जून
चर्चच्या मनोऱ्यातल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. जाडी तीन मिलिमीटर, तारीख कोरली. भेग वाढली की काच तडकेल. मग घंटा बंद कराव्या लागतील; त्यांच्या हेलकाव्यांनीच मनोरा हलतो, असा माझा अंदाज.
किल्ल्या सांभाळणारे म्हातारे मिस्टर गॅरड शिडी धरून होते. "सहाशे वर्षं उभाय तो, पोरी. तुझ्या परवानगीवाचून!"

२ जुलै
काच शाबूत. दिवसभरात तीन वाक्यं बोलले. दोन पोस्टात.

१७ जुलै
गुरुवारचा घंटांचा सराव पाहिला. घंटा सहा, वाजवणारे पाच. सहावी गॅरडांच्या बायकोची. ती गेल्यापासून दोर खुंटीला गुंडाळलेला.
"शिकतेस?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, कामाच्या जागी नको.
असं का म्हटलं?

१० ऑगस्ट
काच शाबूत. घंटांचे दोर ऑगस्टभर दुरुस्तीला गेलेत. खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी. पाऊस नाहीच, थडग्यांमधली चिकणमाती भेगाळलीय.

६ सप्टेंबर
काच शाबूत. सहज जाडी मोजायला कॅलिपर लावला – दोन मिलिमीटर! तारीख मात्र हुबेहूब.
खाली जाऊन विचारलं, "काच तुम्ही बदललीत?"
"माझ्या काचघराची आहे. टोमॅटोंना थोडा वारा लागेल, एवढंच."
"किती वेळा?"
ते मेणबत्त्यांचं मेण खरवडत राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी ते पाच जण येतात. घंटा थांबल्या तर कशाला येतील? एरवी माझ्याशी बोलतं कोण?"
उत्तर सुचलं होतं. कॅलिपर पिशवीत टाकून निघाले.

७ सप्टेंबर
अहवाल पाठवला. काचा तडकल्या, म्हणजे भेग वाढतेय. घंटा थांबवाव्यात. काचा कोणी बदलल्या ते लिहिलं नाही. असं मी पूर्वी कधी केलेलं नाही.

११ सप्टेंबर
गुरुवार. संध्याकाळी सात वाजता खिडकी उघडी ठेवली. गॅरड चर्चच्या दारात उभे होते. अर्ध्या तासाने कुलूप लावून गेले.

१३ सप्टेंबर
सकाळी उंबऱ्यावर तंबाखूचा डबा. आत चार तडकलेल्या काचा. प्रत्येकीला चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: कधी तडकली, तारीख-वार.
चारही ऑगस्टमधल्या. तेव्हा घंटांना दोरच नव्हते.
मनोरा हलतोय तो खालची माती वाळून आकसल्यामुळे. चूक माझी. अहवाल मागे घेतला; दोष घंटांचा नाही, त्या वाजू द्याव्यात, असं कळवलं.
आता त्यांचं दार वाजवायला निघालेय.