भावाच्या देखत

न्यूझीलंड, ६ जुलै १९९६

ती. स्व. कालोलाइने आत्यांना लेसिएलीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचले. थंडी हाडं फोडते, पण सांगायचं ते वेगळंच आहे. एका सत्रासाठी शिकायला आलेल्या आम्हा दोघांना, मला आणि काकांच्या फिलिमोनेला, विद्यापीठाने एकच घर दिलंय. एक न्हाणीघर, एक सोफा. घरं वाटणाऱ्या बाईंनी आडनाव एक बघितलं आणि आपण होऊन हा उपकार केला. मी म्हटलं, आमच्या टोंगात वयात आलेले बहीण-भाऊ एका छपराखाली राहत नाहीत. तर म्हणाल्या, पण तो चुलत आहे ना. जसं काही चुलत म्हणजे भाऊच नव्हे.

फिलिमोने बिचारा मी उठायच्या आत बाहेर पडतो आणि कपडे धुवायच्या खोलीत बाकावर झोपतो. मी त्याचं ताट झाकून ठेवते. दहा दिवसांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. काय करू ते कळवा.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
लेसिएली


टोंगा, १९ जुलै

चि. लेसिएलीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या बापाला सांगितलेलं नाही, नाहीतर होडी घेऊन निघेल. मी त्याची थोरली बहीण. चाळीस वर्षं एका गावात राहतो, पण तो बसलाय त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही, म्हणूनच आमच्यात कधी वाकडा शब्द गेला नाही. हे त्या बाईला कोण सांगणार, मी? तू तिकडे शिकायला गेलीस की मुकी बसायला? पोरगा बाकावर झोपतो हे वाचून पाद्रीबाईंसमोर माझ्या तोंडून नको तो शब्द गेला. उद्याच जा आणि दुसरं घर माग.

तुझी आई बरी आहे. माझी माया आहेच, ती पत्रातून मागू नकोस.

तुझी आत्या


न्यूझीलंड, १० ऑगस्ट

ती. स्व. आत्यांना शि. सा. नमस्कार.

तुमचं ऐकून गेले आणि आगीतून फुफाट्यात पडले. बाईंनी मला एका समुपदेशकाकडे धाडलं. त्याने विचारलं, भावाची भीती वाटते का. परक्या पुरुषाशी भावाबद्दल काय बोलायचं? मी मान खाली घातली. मग विचारलं, त्याने कधी हात लावला का. मला रडूच फुटलं. त्यांनी तो होकार म्हणून लिहून घेतला, आत्या.

फिलिमोनेचे वर्ग बंद केले. नावाला डाग लावून परत धाडणार होते. त्याला विचारलं तर तोही गप्प, कारण बहिणीबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं.

काल चौकशी झाली. तो मानाच्या जागी जातात तसा कमरेला चटई गुंडाळून आला, तर एक गृहस्थ हसला. मोकळेपणी बोलता यावं म्हणे, म्हणून आम्हाला एका टेबलाशी समोरासमोर बसवलं. मला पाहताच तो उठून दाराकडे निघाला. पळतोय, असं ते लिहू लागले. तेव्हा मी उभी राहिले आणि त्याच्या देखत सगळं बोलले, न्हाणीघराचं, बाकाचं, त्यांनी विचारलेलं ते घाणेरडंसुद्धा. म्हटलं, माझ्या भावाने मला मान दिला आणि तुम्ही त्याला गुन्हेगार केलंत. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

त्याला सोडलं. बाई तर खूश. गैरसमज मिटला, आता त्याच घरात आनंदाने राहा, म्हणाल्या!

तो इथल्या आपल्या पाद्रींकडे राहायला गेलाय. मी पाठवलेलं ताट दोनदा तसंच परत आलं. आत्या, मी चुकले का?

तुमची,
लेसिएली


टोंगा, २३ ऑगस्ट

चि. लेसिएलीस आशीर्वाद.

चुकलीस. भावाच्या देखत असं बोलायचं नसतं. आणि बोलली नसतीस, तर मी जन्मात तुझं तोंड पाहिलं नसतं. आपल्यात बहिणीचा मान भावापेक्षा मोठा, तो काय मिरवायला? त्या बाईला मी वेगळं पत्र धाडलंय. त्यातले काही शब्द तिला कुणी समजावून सांगणार नाही अशी आशा आहे.

काल फिलिमोनेचं पत्र आलं. तुझं नाव त्यात नाही, असणारही नाही. त्याने एवढंच विचारलंय की, पुढे त्याला मुलं झाली तर त्यांच्या आत्याच्या पायाशी मानाने बसायला त्यांना कितव्या वर्षापासून शिकवायचं. मी कळवलंय, चालायला लागली की.

तुझी आत्या