रविवारची वसुली

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग जात नाही. म्हणून आज लिहायला बसले.

अंधेरीच्या आपल्या छोट्या छापखान्यात मी शाळेत असल्यापासून अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले होते. कॉलेज संपलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "उधारी वसूल करून दाखव, मग छापखाना तुझ्या हाती." बोरिवलीचे तुमचे एक मित्र, साड्यांच्या दुकानाचे काका, त्यांच्याकडे दोन वर्षांच्या बिलबुकांचे आणि कॅलेंडरांचे पैसे अडकले होते. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायचे. निघताना तुमचं ठरलेलं, "नीट साडी नेसून जा. लोक माणूस बघून पैसे देतात." तिथे काकू कांदेपोह्यांची बशी पुढे करायच्या, स्वयंपाक येतो का विचारायच्या. त्यांचा मुलगा समोर पेपर वाचत बसलेला असायचा. मला वाटायचं, उधारी लांबवायची ही यांची युक्ती. मी मुकाट्याने पोहे संपवायचे आणि बिल पुढे सरकवायचे. स्वतःला फार खमकी समजायचे.

चौथ्या रविवारी काकू हसल्या. "अगं, बिल काय घेऊन बसलीस? तुझ्या बाबांनी ते कधीच सोडलं. हुंड्याचं आम्ही बोलायचं नाही, बिलाचं त्यांनी. असंच ठरलंय ना?"

बाबा, मी वसुलीला जातच नव्हते. तुम्ही मला दाखवायला पाठवत होतात. घरी येऊन जाब विचारला, तर खिळे जुळवता जुळवता म्हणालात, "छापखाना काय बाईमाणसाचं काम आहे? तुझ्या भल्याचंच केलं ना." मान वरसुद्धा केली नाहीत. त्या क्षणी तुम्ही माझे उरला नाहीत.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. लग्नाला नकार दिला आणि काकांकडून पै न् पै मोजून घेतली. त्यांनी पावती मागितली नाही. म्हणाले, "मित्राच्या पोरीकडून पावती कसली घ्यायची?" तुम्हाला मात्र मी सांगितलं, त्यांनी हात वर केले. त्याच पैशांवर मी घर सोडलं, हॉस्टेलची खोली घेतली.

पैसे दिल्याचं काका शपथेवर सांगत तुमच्या दाराशी आले होते म्हणे. तुम्ही त्यांना हाकलून दिलंत. "माझी पोर पैशाच्या बाबतीत खोटं बोलणार नाही," म्हणालात. मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी ते आले, जिन्यातच उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं नाही.

खरं तर हे त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही.