नावं सांगणारा

माँट्रियल, २० सप्टेंबर १९७०

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा चिवडा पोचला. घरमालक ल्यूसियें आणि त्याची बायको मादलेन यांनी तो चमच्याने खाल्ला. दोघं शिक्षक. इथे बहुतेकांची भाषा फ्रेंच, पण कारखान्यातला साहेब इंग्रजी. मजुराने रजासुद्धा इंग्रजीत मागायची. आता लोक उठलेत. घरंही बदलली: मादलेनच्या आईला चौदा मुलं, हिला एकच. शाळा पूर्वी पाद्री चालवत, आता सरकार चालवतं. ल्यूसियेंच्या तळघरात फ्रेंच भाषिकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेची पत्रकं छापतात. मला त्यातलं निम्मंच कळतं, म्हणून तो मला अर्धा भाडेकरू म्हणतो.

भावोजींना नमस्कार.
तुझा अच्युत

भोपाळ, ६ ऑक्टोबर

चि. अच्युत यास अनेक आशीर्वाद.

इथलं ठीक नाही. संपात पुढे होते म्हणून ह्यांना सस्पेंड केलं. क्वार्टर सोडायची नोटीसही आली. बैठक आमच्याच स्वयंपाकघरात झाली होती. कोण कोण आलं ते साहेबाला सांगितलं शेजारच्या गोपीनाथने. गणपतीत आमच्या पंगतीला होता तो! काल त्याची बायको विरजण मागायला आली. पोटुशी आहे. बराच वेळ उभी राहिली, पण मी दार उघडलं नाही. असल्या माणसाच्या आईची मला कीव येते.

तू तिकडच्या भानगडीत पडू नकोस. जपून राहा.
तुझी ताई

माँट्रियल, २ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस शि. सा. न.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर द्यायचा धीर झाला नाही. इथे फ्रेंचांचा वेगळा देश मागणाऱ्या बंडखोरांनी एका मंत्र्याला पळवून मारलं. रस्त्यांवर सैन्य आहे; वॉरंटशिवाय धरपकड चालू आहे. पोलिसांनी मला ऑफिसातून नेलं, माझा व्हिसा टेबलावर ठेवला आणि तळघरात कोण येतं ते विचारलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. ताई, मी ल्यूसियेंसकट सात नावं सांगितली. आठवं नीट आठवत नव्हतं, ते आठवून आठवून सांगितलं.

सगळे आत आहेत. मादलेन रोज मला सूप आणून देते. म्हणते, शेजारीपाजारी तोंड फिरवून बसले, तू तेवढा राहिलास.
अच्युत

भोपाळ, १९ नोव्हेंबर

अच्युत,

पत्र ह्यांना दाखवलं नाही. तू खुशाल आहेस एवढंच सांगितलं. भ्यालास ते समजू शकते, पण ते आठवं नाव मला झोपू देत नाही. तुझा घरमालक सुटून येईल त्या दिवशी त्याला तूच सांग. तोवर त्या बाईच्या हातचं खाऊ नकोस.

सोमवारी आम्ही स्टेशनाजवळच्या खोलीत जातो. पत्ता खाली दिला आहे. गोपीनाथच्या बायकोला आज मुलगी झाली. मी गेले नाही. कान मात्र दिवसभर तिकडेच होते.
ताई

माँट्रियल, १० डिसेंबर

ती. सौ. ताईस शि. सा. न.

ल्यूसियें सुटला. आरोप कसलाच ठेवला नाही, पण शाळेने परत घेतलं नाही. दोघं जेवायला बसली होती, तेव्हा मी उभ्या उभ्या सांगितलं. माझं फ्रेंच मोडकं. तो सवयीने माझे शब्द दुरुस्त करत होता. कधी, कुठे, कोणापुढे, सगळं दुरुस्त केलं. मग काय सांगतोय ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो थांबला.

कोणी शिवी दिली नाही. मादलेनने माझे शर्ट इस्त्री करून पेटीत भरले आणि पेटी दाराशी आणून ठेवली.

माझा नवा पत्ता मागे लिहिला आहे. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
अच्युत