शेवटच्या बाकाचा पेपर

३ एप्रिल
मला मरून आज तीन महिने झाले. पहिल्याच भागात मारलं त्यांनी! मी गणिताची बाई. सहामाहीचे पेपर तपासता तपासता टेबलावर मान टाकते, आणि पेपर वाटायचे राहिले म्हणून भूत होऊन नववी ब मध्ये फिरत राहते. मुलांची गाळण उडवायची, प्रेक्षकांना हसवायचं. अर्धी मालिका माझ्यावर चालते. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहून टाकते.

खरी कसरत वर्गातल्या तीस पोरांची. मी अगदी नाकासमोरून गेले तरी एकानेही बघायचं नाही, कारण मी त्यांना दिसत नाही. दोन आठवडे तालीम केली. आता इतकी सवय झालीय की चहाच्या वेळीसुद्धा कार्टी मला वाट देत नाहीत.

६ एप्रिल
शेवटच्या बाकावर एक पोरगी आहे. दोन वेण्या, आणि या उकाड्यात स्वेटर. टेक चालू असताना सरळ माझ्याकडे बघत होती. तीन वेळा! शेवटी मी चालता चालता थांबले आणि तिला म्हटलं, ‘ए, पुढे बघ. मी दिसत नाही तुला.’

वाटलं, आता टेक वाया गेला म्हणून दिग्दर्शक ओरडणार. तो पोट धरून हसत होता. म्हणाला, हे ठेवायचं. मुरलेली नटी आहे मी, चुकले तरी कामाला येतं.

९ एप्रिल
लेखकाने चहाच्या टेबलावर सांगितलं, ‘ताई, चाळिसाव्या भागात तुमची सुटका.’ म्हणजे मी शेवटचा पेपर वाटणार, पांढरा उजेड येणार, आणि मी घरी बसणार. वाहिनीला तरुण भूत हवंय म्हणे.

चौपन्न वर्षांची आहे मी. सोळा वर्षं शेजारीण, नर्स आणि लग्नातली कुणाची तरी आत्या केली. आता कुठे दुकानात लोक ‘गणिताच्या बाई’ म्हणून हाक मारतात. त्याच्यासमोर मात्र निवांत चहा संपवला.

१० एप्रिल
सुटका म्हणे. बघतेच मला कोण सोडवतं ते.

१३ एप्रिल
शूटिंगचे दिवे लावायला वेळ होता. पोरं खाली पळाली, स्वेटरवाली बाकावरच. मी जवळ जाऊन टेकले, तर विचारते, ‘बाई, पेपर कधी वाटणार?’

‘वाटणारच नाही,’ मी म्हटलं. ‘वाटले की माझी नोकरी गेली.’

ती हसली नाही. ‘मग मी घरी कधी जाणार?’

‘काम संपलं की सगळ्यांबरोबर, अजून कधी?’

मग मलाच अभिनय शिकवायला लागली. खरं भूत असे हात पसरून चालत नाही म्हणे. ते बसून राहतं, कुणी नाव घेईल म्हणून. शेफारलेली आहे! पण पुढच्या प्रसंगात मी ते करून पाहिलं. खुर्चीत नुसती बसून राहिले, दाराकडे बघत. मेकअपवाली डोळे पुसत बाहेर गेली.

१८ एप्रिल
जिंकले! दिग्दर्शक स्वतः सांगायला आला. ‘ताई, तो बाकाचा प्रकार वाहिनीला भलताच आवडलाय. सुटका रद्द. अजून शंभर भाग तरी तुम्हीच.’ मी ‘बरं’ म्हटलं, जसं काही रोजचंच आहे.

पहिल्यांदा त्या पोरीला सांगितलं. तिच्यामुळेच तर झालं! तिचा चेहरा उतरला. ‘म्हणजे पेपर नाहीच?’ डोळे भरले. मी पर्समधली पेपरमिंटची गोळी बाकावर ठेवली. संध्याकाळी गोळी तिथेच होती.

२१ एप्रिल
मी माझं काम कधी टीव्हीवर बघत नाही. सोळा वर्षांचा नियम. आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि आमचे हे जुना भाग बघत होते. म्हणाले, ‘कमाल करतेस हं. रिकाम्या बाकाशी बोलतेस, पण तिथे कुणीतरी बसलंय असंच वाटतं.’

तो तुकडा तीनदा लावायला लावला. बाकावर ऊन पडलंय. कुणी नाही. आणि मी उन्हाला दटावतेय. म्हणून हसला होता तो दिग्दर्शक!

पोरं पुरवणाऱ्याला फोन केला. ‘तो बाक आपण मोकळाच ठेवतो, ताई. पाय डगमगतो त्याचा.’

खोटं कशाला लिहू? तीन महिने भूत म्हणून मिरवले आणि आज भीतीने बोबडी वळली. मग तिचा प्रश्न आठवला. ‘मी घरी कधी जाणार?’ लेकराने हे विचारलं, आणि मी काय दिलं? गोळी.

२२ एप्रिल
ही शाळा खरीच आहे, आता बंद पडलेली, आम्ही भाड्याने घेतलेली. इथल्या म्हाताऱ्या शिपायाला दोन वेण्यांच्या त्या पोरीबद्दल विचारलं. का विचारता, असंही तो म्हणाला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाहीनंतर ताप आला, पेपर वाटले त्या दिवशी ती गैरहजर. नंतर आलीच नाही. ‘गणिताचा पेपर हो. शेवटपर्यंत विचारत होती, असं आई सांगायची तिची.’

दिग्दर्शकाला सांगितलं, सुटकेचा भाग करायचा, या आठवड्यातच. तो म्हणाला, ‘स्वतःच्या पोटावर पाय आणताय, ताई?’ म्हटलं, पोट माझं, पाय माझा. असा शेवट तुला दुसरी कुणी करून देणार नाही. हे पटलं त्याला. पटणारच होतं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, चहा ठेवतो.

२४ एप्रिल
गठ्ठ्यातल्या एका कोऱ्या पेपरावर शिपायाने सांगितलेलं नाव लिहिलं. गुण किती द्यावेत यावर सकाळ गेली. पैकीच्या पैकी दिले तर तिला खरं वाटणार नाही. फार हुशार आहे. अठ्ठ्याहत्तर दिले. खाली लिहिलं, ‘छान. पायऱ्या सोडू नयेत.’

२५ एप्रिल
एका टेकमध्ये झालं. नाव मोठ्याने घेतलं आणि पेपर शेवटच्या बाकावर ठेवला. पोरांपैकी एकानेही पाहिलं नाही, शहाणी आहेत.

आता सामानवाला चौथ्यांदा गठ्ठा मोजतोय. एक पेपर कमी भरतोय म्हणे. म्हटलं, शोधू नकोस बाळा, जिचा होता तिने घरी नेला.

उद्यापासून मला काम नाही.