उजवा खालचा कोपरा

सर, धायरीच्या शेतातून तुम्ही आणलेलं मक्याचं कणीस भाजायच्या आधी आपण दोघांनी खिडकीपाशी धरून पाहिलं होतं. पिवळ्या दाण्यांवर जांभळे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे डीएनएचा एक तुकडा जागा सोडून गेला आणि त्याने दाबून ठेवलेला रंग उघडा पडला, असं तुम्ही सांगितलंत, आणि अर्धं कणीस मोडून माझ्या हातात दिलंत. त्या कणसाचा वास मला अजून येतो आणि तुमचा रागही येतो, दोन्ही एकदमच.

तो तुकडा हलवणारं एन्झाइम हा माझा विषय. तुमचं मत, एकच रेणू तुकड्याची दोन्ही टोकं एकामागून एक कापतो. मला वाटायचं, दोन रेणू लागतात. एकेक जण एकेक टोक धरतो, दोघं एकमेकांना भिडतात, तुकडा कमानीसारखा वाकतो, आणि मगच कापाकापी होते. तीही अशी, की प्रत्येक जण दुसऱ्याने धरलेलं टोक कापतो. एकट्याला काहीच जमत नाही. आपल्या लॅबचा रिवाज असा, की नमुना जेलमध्ये, म्हणजे रेणूंना आकारानुसार वेगळं करणाऱ्या थलथलीत चकतीत, भरण्याआधी उकळायचा. उकळल्यावर जोडी सुटणारच, मग ती दिसणार कशी? मी एकदा न उकळता भरला. मॅग्नेशियमही घातलं नाही. त्याच्याशिवाय जोडी जमते, पण कापू शकत नाही. जेलमध्ये वरच्या बाजूला जाड पट्टा अडकलेला दिसला, खाली सरकू न शकणाऱ्या जड जोडीचा. तुम्ही फोटो उजेडाकडे धरलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "कॉन्व्हेंटात स्वयंपाक शिकवत नाहीत वाटतं. आपल्याकडे कच्चं वाढत नाहीत." सगळे हसले. मीही हसले, नन्सनी शिकवलं होतं तसं, ओठ मिटून.

पुढे तोच फोटो तुमच्या शोधनिबंधात छापून आला, दोन रेणू लागतात याचा पुरावा म्हणून. परदेशातल्या परिषदेत तुम्ही तो मिरवलात. मी शेवटच्या ओळीत, तांत्रिक मदतीबद्दल आभार. विचारायला आले तेव्हा तुम्ही चष्मा पुसत होतात. "पट्टा कुणा एकाचा नसतो, बाई. लॅबचा असतो."

पण एक गोष्ट तुमच्या हातून राहिली. जेलची सुरुवात कुठली ते कळावं म्हणून सगळे डावा खालचा कोपरा कापत. मी डावखुरी, माझं ब्लेड नेहमी उजव्या कोपऱ्यावर जायचं. छापलेल्या फोटोत उजवाच कोपरा नाही. तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवला, तरी जुन्या जागी सांधल्याची खूण राहते, हे तुम्हीच शिकवलंत ना?

उद्या तुमचं स्मृतिव्याख्यान आहे, आणि वक्ता मी. कर्वेनगरच्या कॉलेजातली मुलं येतील, पुढच्या रांगेत तुमचे लाडके विद्यार्थी असतील, आता सगळ्यांना टक्कल पडलेलं. पहिलंच चित्र तो फोटो, पडदाभर. आवाज चढवणार नाही. "हा कोपरा मी कापला," एवढंच म्हणून थांबेन आणि त्यांचे चेहरे बघेन. ते बघण्यासाठीच मी हो म्हटलंय. तुमच्या मुलीला आधी सांगितलं. ती तुमचीच. म्हणाली, "हवं ते बोला, मावशी. आईच्या कानाचं मशीन मी घरी विसरेन."

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते माझ्याच कपाटात राहील. सापडेल त्याने एवढं करावं. मूळ फोटो विभागाला द्यावा. तुमच्या तसबिरीशेजारी लावावा, तिच्यापेक्षा जरा वर. त्या कणसाचे मी बरणीत जपलेले ठिपक्यांचे दाणे पहिल्या वर्षाच्या मुलींना वाटावेत. तुमचा शोधनिबंध रद्दीवाल्याला.

त्याच परिषदेहून तुम्ही माझ्यासाठी डावखुऱ्यांची कात्री आणली होती. म्हणजे कोपरा कुणाचा, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. ती कात्री कुणालाही द्यायची नाही. कालच नारायण पेठेत जाऊन धार लावून आणली.