पेटीच्या तळाची खिट्टी

आधी काय घडले ते.

१. गुरुवार, दि. २१ जुलै २०२२ रोजी रास-अल-बर येथे समुद्राकाठच्या एका हॉलमध्ये करीम याचे लग्न होते. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी माझे मामा वगदी अल-सावी यांचे जादूचे प्रयोग ठरले होते.

२. शेवटचा प्रयोग पेटीचा. मी पाहुण्यांसमोर पेटीत शिरते. पेटी चाकांच्या गाडीवरून उचलून दोरखंडाने छताकडे नेतात. वर चारही बाजू उघडतात आणि आत कुणी दिसत नाही. त्या वेळी मी दुहेरी तळात आडवी पडलेली असते.

३. पेटी वर गेली. तळ सुटला. मी नाचाच्या फरशीवर पडले. डावे मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या.

४. तळाची खिट्टी तुटलेली नव्हती. ती पडद्यामागे, घडी घातलेल्या रुमालावर ठेवलेली सापडली. तिला आटे आहेत. हाताने फिरवल्याशिवाय ती निघत नाही.

५. या खिट्टीचे काम तीन माणसांना ठाऊक आहे: मला, मामांना आणि पेटी बनवणारे सुतार उस्ताद शुक्री यांना.

मी, रग्दा सबरी अल-दीब, वय २७, मेकॅनिकल इंजिनियर, राहणार दुमयात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोक्याला मार लागला नव्हता. तसा डॉक्टरांचा कागद सोबत आहे. हे लिहायला मला कुणी भरीस घातलेले नाही. उलट ज्यांना कळले त्यांनी विषय बदलला.

कलम १. आईच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक कायद्याने माझा भाऊ उसामा याला जाते. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो कुवेतहून फोनवर म्हणाला, "मामाला पोलिसात दे आणि मोकळी हो." त्याने पेटी एकदाही पाहिलेली नाही. घर त्याने घ्यावे, मत देऊ नये.

कलम २. कायद्याने मालमत्तेचा एक तृतीयांश भाग मला हव्या त्या माणसाला देता येतो. त्यातून बाल्कनीतले छोटे लेथ आणि मोजमापाची हत्यारे उस्ताद शुक्री यांना द्यावीत. लग्नाच्या दिवशी ते आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात कामगारांबरोबर होते, याची मी खात्री करून घेतली आहे. तोपर्यंत त्यांच्यावरही माझा संशय होता आणि मी त्यांना तसे तोंडावर सांगितले होते.

ते म्हणाले, "ठेव की संशय. चहा घेणार, की संशयावरच पोट भरणार?"

चहा मी घेतला. कारखान्यातला माणूस ओततो की तेच, एवढे पाहून घेतले.

कलम ३. पेटी, तिचे नकाशे, दोरखंड आणि कप्प्या. हे कलम दोन प्रकारे लिहिले आहे. कारण सांगते.

आई गेल्यावर मला मामांनी वाढवले. कॉलेजात असताना मी त्यांच्या पेटीचा तळ नव्याने आखून दिला. तेव्हापासून त्या तळात मीच झोपते, कारण ते माप दुसऱ्या कुणाला बसत नाही. जुलैच्या सुरुवातीला मी त्यांना सांगितले की मला एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी मिळाली आहे आणि ऑक्टोबरपासून मी येणार नाही.

"जा की," ते वादकांसमोर म्हणाले, "इंजिनियरबाईंना आता लग्नांचा कंटाळा आलाय. पण पेटी तुला इतक्या सहज सोडायची नाही."

ही थट्टा होती असे वादक म्हणतात. तेव्हा मलाही तसेच वाटले होते.

नियम असा, की पेटी पडद्याबाहेर ढकलण्याच्या अगदी आधी मामांनी खिट्टी फिरवून पाहायची आणि मला "बंद" म्हणायचे. त्या दिवशी ते "बंद" म्हणाले, पण वरातीचे ढोल वाजण्याआधी. मग सगळे नवरीला पाहायला बाहेर धावले. मामाही धावले आणि मीही गेले. तेवढा वेळ पेटी पडद्यामागे एकटी होती. परत आल्यावर मी आत शिरले, ते आधीच्या "बंद"वर.

इस्पितळात मी विचारले, "पुन्हा का नाही पाहिलंत?"

"एकदा पाहिली होती ना. वरात काय रोज असते?"

"मामा, तुमचं आयुष्यच वराती पाहण्यात गेलंय."

ते बेपर्वा आहेत, हे मला ठाऊक आहे. त्याहून अधिक काही आहेत का, ते मला ठाऊक नाही. खिट्टी रुमालावर ठेवली होती. ज्याला मारायचे आहे, तो ती खिशात घालून नेईल. पण मामाही आपले सामान रुमालावरच मांडतात.

प्लास्टर निघाल्यावर मी हॉलवर गेले. तिथे पाहुण्यांचे सामान सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "नवऱ्या मुलाची आई ना? ती सगळं सोडत सुटली होती. पडद्याच्या दोऱ्या सोडल्या, मुलाच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. माझ्या एप्रनची गाठसुद्धा सोडली. म्हटलं, हज्जा, माझं कुणाशी लग्न नाहीये."

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी कुणी गाठ मारून किंवा कुलूप लावून नवऱ्या मुलाला 'बांधतो' आणि मग तो बायकोजवळ जाऊ शकत नाही, अशी भीती असते. म्हणून मुलाची आई दिसेल ती गाठ सोडते, दिसेल ती कडी उघडते. त्यात हॉलमध्ये जादूगार. मामांच्या प्रयोगांच्या दोऱ्या पेटीशेजारीच ठेवल्या होत्या. त्यांच्याही सगळ्या गाठी सुटलेल्या होत्या. खिट्टीला मी स्वतः लाल रंग दिला होता, तपासताना नजरेत भरावी म्हणून. अनोळखी माणसाला ती कडीच वाटेल.

मी करीमच्या आईकडे, हज्जा इन्शिराह यांच्या घरी गेले आणि सरळ विचारले.

"मी? जादूच्या वस्तूला हात लावीन मी?" त्या म्हणाल्या. "साखर किती घालू, पोरी?"

"बिनसाखरेचा. त्या दिवशी दोऱ्या तुम्ही सोडल्यात ना?"

"दोऱ्या सगळ्याच आया सोडतात. तुझी आई असती तर तिनंही सोडल्या असत्या." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सुनेला दिवस गेलेत. घरात आनंद आहे. तो कशाला नासवतेस?"

त्या 'हो' म्हणाल्या नाहीत. 'नाही' हा शब्दही त्यांनी वापरला नाही.

मामांना आता कुणी लग्नाला बोलवत नाही. गुरुवार, दि. १५ सप्टेंबरचे एक लग्न उरले आहे. त्या दिवशी मी पेटीत शिरले तर लोक समजतील की भाचीचा मामावर विश्वास आहे. नाही शिरले तर लोकांना दुसरा पुरावा लागणार नाही. पण संशय मनात ठेवून त्या तळात मला आडवे होता येणार नाही.

म्हणून: (अ) खिट्टी हज्जा इन्शिराह यांनी काढली असे त्यांनी कळवले, तर मी १५ तारखेला पेटीत शिरेन. त्यानंतर माझे काहीही झाले तरी पेटी, नकाशे आणि सगळे साहित्य मामांचे. (आ) त्यांनी नाही म्हटले किंवा उत्तर दिले नाही, तर पेटी उस्ताद शुक्री यांनी करवतीने कापावी, नकाशे जाळावेत, आणि मामांना माझ्याकडून काहीही मिळू नये. माझी भेटसुद्धा.

कलम ४. या प्रकरणी हज्जा इन्शिराह, त्यांचा मुलगा किंवा सून यांच्यावर मी तक्रार करणार नाही, भरपाई मागणार नाही आणि कुणाकडे वाच्यता करणार नाही. माझ्या वारसांनीही करू नये. त्यांचे उत्तर फक्त मामांना दाखवले जाईल.

हे दोन साक्षीदारांसमोर वाचून सही केली. साक्षीदार क्र. १ यांनी 'भेटसुद्धा' हा शब्द काढायला सांगितला. काढला नाही.

सही: रग्दा सबरी अल-दीब
साक्षीदार १: शुक्री अब्दुलहमीद अल-नग्गार, सुतार
साक्षीदार २: माजदा फौजी, परिचारिका, शेजारी
दुमयात, रविवार, दि. ४ सप्टेंबर २०२२

प्रत: हज्जा इन्शिराह यांना, हातोहात.

हज्जा, कलम ३ आणि ४ पुन्हा वाचावे. खिट्टी तुम्ही काढली असेल, तर 'हो' एवढाच निरोप पुरे. का काढली ते मी विचारणार नाही. नसेल काढली, तर 'नाही' असा शब्द स्पष्ट सांगावा. सोमवार, दि. १२ सप्टेंबरपर्यंत उत्तर कळवावे, ही विनंती.