साहेबांनी साहेबांना अटक केली

तीर्थरूप दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार (हल्ली वाकले की उठायला कपाट धरावं लागतं, तेव्हा हा महागाचा समज). तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणाली, बरा आहे. पण तू माझ्यावर रागावलेला नाहीस असंही तीच म्हणाली, त्यामुळे गुडघ्याचीही काळजी वाटते.

अंतराळयानाच्या त्या मालिकेचे मराठी संवाद लिहिताना तू शिकवलेलं मी विसरले नव्हते रे. हुद्दा वेगळा, जहाजाची जबाबदारी वेगळी. लहानशा नौकेवरचा लेफ्टनंटही तिथे कॅप्टनच. आणि ॲडमिरल पाहुणे आले तरी सुकाणूवाल्याला हुकूम कॅप्टनचाच. सगळं तसंच लिहून स्टुडिओत गेले. दिग्दर्शक म्हणाले, 'ॲडमिरल' म्हणेपर्यंत पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटतं. (मूळ भाषेत तो हुद्दा एका अक्षरात उरकतो, त्याला मी काय करू?) म्हणून ॲडमिरलचे 'साहेब' झाले. त्यावर कॅप्टनला आवाज देणारे गृहस्थ रुसले, की मग मी कोण? तेही साहेब झाले. मला तिथे ना हुद्दा होता ना जबाबदारी. खुर्चीसुद्धा दाराआड होती, कोणी आलं की उठावं लागे.

मग तो बंडाचा भाग. मोठ्या हुद्द्याचा पाहुणा कॅप्टनला कैद करून यान बळकावतो, आणि रडारवरची बाई घाबरून तळावरच्या अधिकाऱ्याला सांगते, "साहेब, साहेबांनी साहेबांना अटक केली." नेमकं त्याच क्षणी पडद्यावर ठळक अक्षरांत 'नौदलविषयक सल्लागार', आणि पुढे तुझं नाव.

तू जुन्या सहकाऱ्यांना मुद्दाम घरी बोलावलं होतंस, हे वहिनीकडून कळलं. कोणी हसलं नाही म्हणे. एकाने फक्त विचारलं, "यातले कोणते साहेब?" आणि तू उठून टीव्ही बंद केलास. ते हसले असते तर बरं झालं असतं, दादा. तेव्हापासून माझा फोन आला की तू तो वहिनीच्या हातात देतोस.

हुद्द्याने धाकटी, चुकीने थोरली,
तुझी बहीण

ता.क. नाव काढा म्हणून भांडले. पाटी तयार आहे म्हणाले. निदान पुढच्या भागांसाठी अक्षरं बारीक करून घेतली. आता भिंगाशिवाय कोणाला वाचता येणार नाही.

आणखी ता.क. शेवटच्या भागात कॅप्टन आपलं यान दुसऱ्याच्या ताब्यात देतो. त्याला एकच वाक्य द्यायचं होतं, मला सुचेना. तू तुझं जहाज सोडून घरी आलास, तेव्हा बूट न काढताच पलंगावर बसून राहिला होतास, आणि मी जेवायला वाढू का एवढंच विचारलं. त्या दिवशी नव्या कॅप्टनला तू काय म्हणालास? फोन करून सांग, वहिनीमार्फत नको. मालिकेसाठी विचारत नाही. तो भाग परवाच रेकॉर्ड होऊन गेला.